ठाणे ताम्रपट (शके ९३९)

उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी ऊर्फ केशिदेव याचे दानपत्र. ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना ते मिळाले आणि १७८७ साली अभ्यासकांपर्यंत पोहोचले. भारतात अगदी सुरुवातीला वाचल्या गेलेल्या प्राचीन ताम्रपटांपैकी हा एक. ज्या किल्ल्यात तो सापडला तिथे आज ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. किल्ल्याचे बांधकाम पोर्तुगीजांनी १७३० साली सुरू केले, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ अखेर इंग्रजांच्या हाती गेला.

ताम्रपटाची माहिती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला कळवली जनरल जॉन कारनॅक यांनी. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना मराठ्यांपुढे नाक घासावे लागले, त्या मोहिमेच्या समितीतले हेच कारनॅक. सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात (१७८८) भाषांतर छापले गेले. शोधाचे श्रेय सहसा कारनॅक यांना दिले जाते. पण संस्कृत मजकुराचा अर्थ लावला तो रामलोचन पंडितांनी, आणि ही गोष्ट त्या लेखाच्या शीर्षकातच नोंदवलेली आहे. पहार चालवणाऱ्या मजुरांचा मात्र नामोल्लेख कुठेच नाही.

दान दिले ते शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वणीवर, समुद्रस्नान करून. इसवी सनाप्रमाणे हा नोव्हेंबर १०१७ येतो. पहिल्या छापील लेखात १०१८ दिले आहे. दान घेणारा ब्राह्मण श्रीस्थानकाचा, म्हणजे ठाण्याचाच रहिवासी. नेहमीप्रमाणे आधी राजाची वंशावळ येते, मग बिरुदे, मग दिलेल्या गावांच्या चतुःसीमा. शिलाहार स्वतःला पुराणकथांतल्या विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत, तो उल्लेखही इथे आहे.

खरी चर्चा रंगली ती ‘तगरपुरपरमेश्वर’ या बिरुदावरून. कोकणातला राजा ज्या तगर नगराचा स्वामी म्हणवतो ते कुठले? ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे व्यापारी गाव आहे. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या त्याच पहिल्या खंडात फ्रान्सिस विल्फर्ड यांनी तगर म्हणजे देवगिरी असे मांडले. पुढे पं. भगवानलाल इंद्रजी जुन्नरकडे वळले, तर रा. गो. भांडारकर धारूरकडे. यातले कुठलेच टिकले नाही. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे दाखवून दिले आणि ते मान्य झाले. तेरच्या त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार (हत्तीच्या पाठीसारखी, मागे गोलाकार) विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, मानली जाते, आणि तिथल्या उत्खननांत सातवाहनकाळातील वस्तू मोठ्या प्रमाणात मिळाल्या आहेत. ‘पुरपरमेश्वर’ हे बिरुद सत्तेपेक्षा कुळाचे मूळ गाव सांगते, असा अर्थ आता घेतला जातो. त्यामुळे अरिकेसरीचे राज्य तेरपर्यंत होते असे समजू नये.

शिलाहारांचे लेख वा. वि. मिराशी यांनी एकत्र संपादित केले. तो खंड १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.