भास्कराचार्यांचा शतांश आणि जळगावचं विमान

भाची मुंबईहून न्यूयॉर्कला निघाली, तेव्हा चाळीसगावच्या घरी सगळे मोबाइलवर तिचं विमान बघत होते. विमान सरळ पश्चिमेला न जाता युरोपवरून वर वर चढत गेलं. आजीने विचारलंच, "हाई इमान वाट चुकनं का?"

मी तापीकाठचं टरबूज पुढे ओढलं. देठापासून सारख्याच अंतरावर, पण जवळपास समोरासमोरच्या बाजूंना दोन टिंबं काढली आणि त्यांच्यामध्ये दोरा धरला. पोटावरून आडवा धरला तर तो सैल पडतो. ताणला की आपोआप देठाकडे सरकतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट ती हीच. तिला बृहद्वृत्त म्हणतात.

आता अंतर काढू. आधी जवळचं, जळगाव ते मुंबई. जळगावचा विमानतळ 20.96 उत्तर, 75.63 पूर्व, मुंबईचा 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किमी. रेखांश मात्र ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे 20 अक्षांशावर त्यांचा अंश 104.5 किमीच भरतो. म्हणजे उत्तर-दक्षिण 208 किमी, पूर्व-पश्चिम 288 किमी. शाळेतला पायथागोरस लावा: 355 किमी. गोलाचं पूर्ण गणित केलं तरी एक किलोमीटरचाही फरक पडत नाही.

हीच युक्ती मुंबई–न्यूयॉर्कला लावली तर 14,300 किमी येतात, खरं अंतर सुमारे 12,500! असं का, याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला सापडला. 'सिद्धांतशिरोमणी'त आचार्य म्हणतात, परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, म्हणून माणसाला पृथ्वी सपाट वाटते. परिघ 40,000 किमी, शतांश 400. जळगाव–मुंबई त्याच्या आत बसतं, न्यूयॉर्क कुठल्या कुठे बाहेर जातं!

बाराव्या शतकात हे लिहिलं गेलं आणि आज 'पृथ्वी सपाट आहे' असे व्हिडिओ फिरतात, याचा मला मनापासून राग येतो. उत्तर ध्रुव मध्यभागी धरलेल्या त्यांच्या चकतीच्या नकाशावर सिडनी–सँटियागो अंतर 25,000 किमीच्या वर जातं. प्रत्यक्षात ते 11,300 आहे आणि थेट विमान बारा-तेरा तासांत पोहोचतं.

लांबच्या प्रवासासाठी पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन काढावा लागतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात दोन्ही कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन मिळवायचा. आलेली संख्या म्हणजे त्या कोनाचा कोसाइन. मुंबई–न्यूयॉर्कसाठी ती उणे 0.386 येते, म्हणजे कोन 112.7 अंश. त्याला एका अंशाच्या 111.2 किमीने गुणलं की झालं अंतर. वारा आणि बंद हवाई हद्दी यांमुळे वैमानिक थोडा वळसा घेतात, पण हिशोबातली वाट आइसलंड आणि नॉर्वे यांच्या मधल्या समुद्रावर जवळपास 65 अंश उत्तरेपर्यंत चढते आणि तिथून न्यूयॉर्ककडे उतरते. आजीने मोबाइलवर पाहिली ती हीच चढण.