छतावरचं पाणी: पैसे कधी वसूल होतात?

पावसाचं पाणी साठवायची सोय केली तर खर्च किती वर्षांत निघेल, हा प्रश्न अशी सोय करून देणाऱ्या आम्हाला प्रत्येक ग्राहकाने विचारायलाच हवा. उत्तर पावसापेक्षा तुम्ही आज पाणी कुठून घेता यावर जास्त ठरतं.

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं टेरेस म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. उडालेलं, सांडलेलं २० टक्के सोडलं तरी वर्षाला ७४ हजार लिटर हाती लागतं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या सात खेपा झाल्या या.

पण यातलं बहुतेक पाणी चार महिन्यांतच येतं, आणि हिशेब इथेच फसतो. उन्हाळ्याला पुरावी म्हणून भली मोठी टाकी बांधू नका. ५० हजार लिटरची टाकी वर्षातून एकदा भरते, आणि खर्चातला मोठा वाटा टाकीचाच असतो. पाच जणांच्या घराला माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ६७५ लिटर लागतात, म्हणजे ५००० लिटर आठवडाभर चालतात. तेवढी टाकी या टेरेसवर ६७-६८ मिलिमीटर पावसात काठोकाठ भरते. धुणं, फ्लश, फरशी यांना रोज तेच पाणी वापरा. जितक्या वेळा ती रिकामी होऊन भरेल, तितका तिचा खर्च लवकर फिटेल.

नळाला रोज पुरेसं पाणी येत असेल, तर बिलात वाचणारी रक्कम लहान असते. अशा घराला केवळ बचतीसाठी टाकी घ्या, असं आम्ही सांगणार नाही. मात्र २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, बाहेर धो धो पाऊस आणि घरात नळ कोरडे, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. त्या दिवसांतल्या पाण्याची किंमत बिलावरून काढता येत नाही.

बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या अपार्टमेंटचं गणित मात्र चांगलं जमतं. टेरेसचे पावसाळी पाईप आधीच असतात. ते जोडून गाळणीचा खड्डा करायचा आणि पाणी बोअरमधून जमिनीत मुरवायचं. आपल्याकडे खाली काळा खडक, पाणी त्याच्या भेगांतून फिरतं. शेजारच्या दोन बोअरचं वागणंही सारखं नसतं. म्हणून काम हाती घेण्याआधी आम्ही बोअरमध्ये टँकरभर स्वच्छ पाणी सोडून ते किती वेळात उतरतं ते बघतो. उतरलंच नाही, तर तिथे पैसे घालू नका.

वळवाचं पहिलं पाणी धूळ, पाला आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं. ते बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह लागतोच. न गाळलेलं पाणी बोअरमध्ये कधीच जाऊ देऊ नका, भेगा बुजतात. दर मे महिन्यात टेरेस झाडून गाळणीतली वाळू आणि खडी धुवायची, एवढीच देखभाल.

मोजणीला येऊ तेव्हा गेल्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्या, बोअरची खोली आणि टेरेसचा नकाशा काढून ठेवा. मोजणी मार्चमध्ये झाली तर काम मृगाच्या आत उरकतं.