जेट बोटीच्या पंपातले बुडबुडे हवेचेच असतात का?

‘इंजिन ओरडतंय, बोट पुढे जात नाही, म्हणजे पंपाने हवा ओढली, सीलं बदला.’ जेट बोट आणि जेट स्की चालवणाऱ्यांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. लक्षण खरं आहे, म्हणून तो पटतोही. पण हेच लक्षण कॅव्हिटेशननेही दिसतं, म्हणजे दाब घसरल्याने पंपातल्या पाण्यात बुडबुडे धरतात तेव्हा. आणि हे बुडबुडे मुख्यतः पाण्याच्या वाफेचे असतात.

पाणी उकळायला दरवेळी आच लागत नाही. २५ अंशांचं पाणी दाब वातावरणाच्या साधारण तिसाव्या भागावर आला की उकळतं. इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या, पात्यामागे दाब तितका उतरला की वाफ धरते, आणि पुढे दाब वाढताच ते बुडबुडे फटकन मिटतात. तो मार धातूला खड्डे पाडतो.

घरी बघा. बिनसुईच्या सिरिंजमध्ये जरा गरम पाणी घ्या, हवा काढून तोंड बोटाने दाबा आणि दट्ट्या जोरात ओढा. बाहेरची हवा आत येत नाही, तरी पाणी खदखदतं.

हवाही शिरते, नाही असं नाही: लाटेवर किंवा वळणावर पंपाचं पाणी ओढायचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडलं की. पण थांबलेल्या बोटीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर खडी हलवल्यासारखा आवाज आला, तर आधी इंजिन बंद करून, चावी काढून त्या तोंडावरची जाळी बघा. शेवाळ, प्लास्टिक अडकलेलं असतं. मग पात्यांच्या कडेवरून नख फिरवा, खाचा लागतील. शेवटी पातं आणि वेअर रिंग (पात्यांभोवतीचं झिजणारं कडं) यांतली फट फीलर गेजने मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. फट वाढली असेल तर नवी सीलं घालून काही फरक पडणार नाही.