जुनी मोटार दुरुस्तीला परदेशी जाते तेव्हा: सांगली-साताऱ्याच्या गाड्या आणि सीमाशुल्काची पार्श्वभूमी

सांगली, मिरज, फलटण, औंध या पट्ट्यात एखाद्या वाड्याच्या पागेत १९४० पूर्वीची मोटार निघाली, की पहिला प्रश्न ती चालू होईल का हा असतो. दुसरा प्रश्न लगेच येतो: तिचं काम इथेच करायचं, की इंग्लंडला पाठवायची? पाठवायचा विचार करणारा मालक तिकडच्या वर्कशॉपचं बिल आणि बोटीचं भाडं मांडून बसतो. खरा मोठा आकडा मात्र गाडी परत मुंबईला उतरते तेव्हा समोर येतो. तो आकडा इतका मोठा का, याचं उत्तर गेल्या शतकाच्या इतिहासात आहे. या गाडीला अडवणारा जवळजवळ प्रत्येक नियम दुसऱ्याच कशासाठी तरी केला गेला होता. कधी परकीय चलन वाचवायचं होतं, कधी देशी कारखाने उभे करायचे होते, कधी मूर्तींची चोरी थांबवायची होती. जुनी मोटार त्यात आपोआप सापडली.

मुळात या गाड्या इथे आल्या कशा? मुंबईत मोटारी उतरल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. पुढच्या दोन-तीन दशकांत त्या दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांपर्यंत पोचल्या. सांगली, थोरली आणि धाकटी मिरज, जत, औंध, फलटण अशी छोटी छोटी संस्थानं इथे एकमेकांना खेटून होती आणि प्रत्येकाचा दरबार वेगळा होता. साताऱ्याची गोष्ट निराळी. छत्रपतींचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्येच खालसा केलं होतं, त्यामुळे मोटारीच्या काळात सातारा हा इंग्रजी मुलखाचा जिल्हा होता. पण महाबळेश्वर हे मुंबई सरकारचं उन्हाळी ठाणं असल्यामुळे गव्हर्नरापासून मुंबईच्या शेठ लोकांपर्यंत सगळ्यांच्या गाड्या वाई-पाचगणीचा घाट चढत. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि सुट्या भागांच्या पेट्यांतून येणाऱ्या शेवरोले, ब्यूक इथेच जोडल्या जाऊ लागल्या. १९२९ मध्ये सांगलीचा आयर्विन पूल झाला.

त्याच काळात इथे दुसरीही एक गोष्ट घडत होती आणि ती विसरून चालणार नाही. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९२२ मध्ये सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना सुरू झाला. आधी लोखंडी नांगर, मग डिझेल इंजिनं. ओतकाम, पॅटर्न बनवणं, लेथ, बोअरिंग हे सगळं या मातीत रुजलं ते या कारखान्यांमुळे. इंजिनाचं बेअरिंग व्हाइट मेटल (बेअरिंगसाठीचा मऊ मिश्रधातू) ओतून, हाताने घासून बसवणारे फिटर इथे तयार झाले. विलायती मोटारी पुढची कित्येक दशकं चालू राहिल्या त्या या माणसांच्या जिवावर.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदललं. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. परकीय चलनाची चणचण होती, म्हणून गाड्यांची आयात आवळली गेली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ पासून उभी होती, कोलकात्याची हिंदुस्थान मोटर्स त्याच्याही आधीची. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच मोटारधंद्यात राहावं, नुसती जुळणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही गाशा गुंडाळला. देशी उद्योगाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. पण विलायती गाडीचा नवा भाग आणण्याची वाट त्याच दिवसांत बंद झाली. पिस्टन ट्रकचा, कार्बोरेटर जीपचा, दिवे अॅम्बॅसॅडरचे, अशा गाड्या दिसू लागल्या. आज त्यांचं काम हाती घेणाऱ्याला आधी हे सगळं उतरवावं लागतं, कारण मूळ गाडी त्याच्या खाली आहे.

१९७१ च्या डिसेंबरात २६ वी घटनादुरुस्ती झाली, संस्थानिकांचे तनखे गेले. वाडे चालवणंच कठीण झाल्यावर पागेतली मोटार कोण सांभाळणार? देशभरच्या राजघराण्यांतल्या रोल्स-रॉइस, बेंटले त्याआधीपासूनच मामुली भावात परदेशी संग्राहकांकडे चालल्या होत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीला आळा घातला. उरल्यासुरल्या गाड्या देशात राहिल्या त्या त्यामुळे, आणि त्याबद्दल सरकारचे आभारच मानले पाहिजेत. तेव्हापासून व्हिंटेज गाड्या आणि त्यांचे सुटे भाग निर्यातीच्या निर्बंधित यादीत आहेत. विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना असल्याशिवाय त्या बंदर ओलांडू शकत नाहीत. अडचण एवढीच की विकायला नेलेली गाडी आणि दुरुस्तीला नेलेली गाडी, दोघींनाही दार एकच.

याच सुमारास पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ आला. देवळांतल्या मूर्ती चोरून बाहेर विकल्या जात होत्या, त्याला पायबंद घालायचा होता. कायद्यात पुरावस्तूची व्याख्या करताना शंभर वर्षांची अट घातली आहे, आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या कुठल्याही वस्तूला तीत जागा आहे. १९७२ मध्ये शंभर वर्षांची मोटार जगातच नव्हती. आता १९२५ ची गाडी शंभरी ओलांडून गेली आहे. अशी गाडी पुरावस्तूच्या व्याख्येत बसली, तर तिची निर्यात केंद्र सरकारशिवाय किंवा त्याने नेमलेल्या संस्थेशिवाय कुणालाच करता येत नाही. दरवर्षी आणखी काही गाड्या या रेषेपलीकडे जाणार आहेत, हे मालकांनी आत्ताच लक्षात घ्यायला हवं.

आता आत येण्याची बाजू. उदारीकरणानंतर २००१ मध्ये वापरलेल्या मोटारींची आयात खुली झाली, पण अटी कडक ठेवल्या: गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, उतरवायची ती मुंबई बंदरातच. उद्देश स्पष्ट होता. जपान-युरोपातल्या भंगारात निघालेल्या गाड्या इथे ओतल्या जाऊ नयेत. व्हिंटेज गाड्यांना यात अपवाद होता, तो १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरता. २०२५ मध्ये ही रेषा सरकली आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वाट मिळाली. शुल्क मात्र वापरलेल्या गाडीचंच राहिलं. २०१३ च्या अर्थसंकल्पात ते १०० वरून १२५ टक्के झालं, पुढे त्यावर समाजकल्याण अधिभार धरून १३७.५ टक्के. २०२५ मध्ये मांडणी बदलून मूळ शुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा अधिभार ६७.५ टक्के केला. बेरीज केली तर पुन्हा १३७.५ च. त्यावर जीएसटी वेगळा. मोठ्या इंजिनाच्या मोटारीवर तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे.

इतका कर आपल्याच गाडीवर, जी इथूनच गेली होती? सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम २० सांगतं की देशाबाहेर गेलेली वस्तू परत आली, की ती आयातच. ती पूर्वी कुणाची होती याने फरक पडत नाही. सूट हवी असेल तर वेगळी अधिसूचना पाहायची. दुरुस्तीसाठी गेलेल्या मालाला अशी सूट १९९६ च्या ९४ क्रमांकाच्या अधिसूचनेत होती. जीएसटी आल्यावर ३० जून २०१७ रोजी तिची जागा ४५ क्रमांकाच्या अधिसूचनेने घेतली. ती यंत्रं, विमानांची इंजिनं, कारखान्यांची अवजारं यांच्यासाठी आहे, पण मोटारीलाही चालते. गाडीच्या पूर्ण किमतीवर कर न लावता तीन गोष्टींवर लावायचा: दुरुस्तीचा वाजवी खर्च त्यात वापरलेल्या सामानासह, जाण्या-येण्याचं भाडं, आणि दोन्ही बाजूंचा विमा. अटी अशा की मालकी बदललेली नसावी, गाडी तीच असल्याचं पटवता यावं, आणि ती तीन वर्षांत परत यावी. मुदत वाढवून पाच वर्षं मिळू शकते. जीएसटीही याच रकमेवर भरायचा का, यावर विमान कंपन्यांशी वाद झाला होता; २०२१ मध्ये सरकारने दुरुस्ती करून तोही भरायचाच असं स्पष्ट केलं.

आकड्यांत ढोबळ हिशेब मांडू. समजा, इंग्लंडमधलं काम ४० लाखांचं झालं आणि दोन्ही बाजूंचं भाडं-विमा १० लाख. करासाठी धरायची रक्कम ५० लाख. वापरलेल्या गाडीचा १३७.५ टक्के दर लागला तर ६८ लाख ७५ हजार. दोन्हींची बेरीज १ कोटी १८ लाख ७५ हजार, तिच्यावर ४० टक्के जीएसटी म्हणजे साडेसत्तेचाळीस लाख. एकूण कर १ कोटी १६ लाख २५ हजार. दुरुस्तीच्या बिलाच्या जवळजवळ तिप्पट. आणि कागद नीट नसल्यामुळे सूटच नाकारली गेली, गाडीची किंमत २ कोटी धरली गेली, तर याच दराने कर ४ कोटी ६५ लाखांवर जातो. गाडी बोटीवर चढवण्याआधी हा कागद एकदा तरी लिहून पाहावाच. पैसे बाहेर पाठवण्यावरही रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, शिवाय १० लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ गोळा केलेला आयकर) कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

म्हणूनच गाडी तीच असल्याचा पुरावा इतका मोलाचा आहे. जाताना शिपिंग बिलावर (निर्यातीच्या वेळी सीमाशुल्क खात्याला द्यायच्या कागदावर) चेसिस नंबर, इंजिन नंबर, फोटो आणि दुरुस्तीसाठी पाठवत असल्याची नोंद हवी. तिकडच्या कारागिराने चांगल्या हेतूने इंजिनाचा फुटलेला ब्लॉक बदलला, की नंबर जुळत नाही. मग सीमाशुल्कात अडतं आणि आरटीओतही. नोंदणीच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट आहे. जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाडीला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली. नोंदणी २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी, नूतनीकरण ५ हजार, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी ती नेता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनाला नेता येते. सीमाशुल्काच्या खात्याने मात्र ही ओळख अजून घेतलेली नाही. ब्रिटनमध्ये तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली, उत्पादन बंद झालेली गाडी संग्राह्य वस्तू ठरली तर सीमाशुल्क शून्य आणि व्हॅट फक्त ५ टक्के.

प्रवासाबद्दल थोडक्यात. साताऱ्याची गाडी थेट, सांगलीची पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून न्हावाशेव्याला जाते, ट्रकवर, झाकलेली. पेट्रोल काढायचं, बॅटरीची जोडणी सोडायची, चाकं कंटेनरच्या तळाला पट्ट्यांनी बांधायची. खाली लावलेल्या लाकडावर प्रक्रिया केल्याचा शिक्का हवा, नाहीतर पलीकडच्या बंदरात अडते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या, वेळ आणि भाडं दोन्ही वाढलं. करासाठी धरायच्या रकमेत भाडं येत असल्यामुळे त्या वळशावरही आपण इथे कर भरतो.

मग गाडी बाहेर पाठवायचीच कशाला? काही कामं इथे खरोखर होत नाहीत. जुन्या मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) गुंडाळी, विशिष्ट कंपनीचा कार्बोरेटर, मूळ नकाशाबरहुकूम गिअर. पण हाताने बांधलेल्या बॉडीखाली लाकडी सांगाडा असतो आणि लाकडाला कान लावून काम करणारे तंबोऱ्याचे कारागीर मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ब्लॉक ओतणारे, व्हाइट मेटल भरणारे सातारा-सांगलीत आहेत. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा गाळाने भरलेली इंजिनं खोलून चालू केली ती याच लोकांनी. त्यांच्याकडे गाडी न नेता थेट बोटीकडे बघणं मला पटत नाही.

जाणते मालक आता गाडी जागेवर ठेवून फक्त इंजिन किंवा एखादा भाग पाठवतात. मोटारीच्या बहुतेक भागांवर मूळ शुल्क १५ टक्के आणि जीएसटी १८ टक्के आहे. इंजिनाचं काम १२ लाख आणि भाडं-विमा ३ लाख धरला, तर अधिभारासकट कर साडेपाच लाखांच्या थोडा वर जातो. निर्यातीच्या निर्बंधित यादीत मात्र गाडीबरोबर तिचे भागही आहेत, त्यामुळे एकटं इंजिन पाठवायचं झालं तरी अर्ज आधी दिल्लीला करावा लागतो आणि परवाना हातात आल्यावरच पेटी बांधायची.