‘अर्ली रिपोलरायझेशन’चा घोळ

ऑपरेशनच्या फिटनेससाठी पंचविशीतल्या मुलाचा इसीजी काढला, की मशीन पुष्कळदा वरच्या कोपऱ्यात ‘अर्ली रिपोलरायझेशन’ (ठोक्यानंतर हृदयाचा विद्युतभार वेळेआधी पूर्ववत होतो, अशा अर्थाचं नाव) छापून देतं. पूर्वी फिजिशियन त्यापुढे ‘नॉर्मल’ लिहून मोकळे व्हायचे. आता पट्टी पुन्हा एकदा निरखतात, आणि तेवढ्यानं घरचे हवालदिल होतात.

निरोगी माणसातही एसटी, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरची रेघ, थोडी उचललेली दिसते, हे 1930च्या दशकापासून माहीत होतं. 1953मध्ये गार केलेल्या कुत्र्यांच्या आलेखात क्यूआरएसच्या, म्हणजे त्या टोकदार लाटेच्या, शेपटाशी उंचवटा दिसला, तो पुढे थंडीनं गारठलेल्या रुग्णांची खूण ठरला. बाकी पन्नासेक वर्षं विषय थंडच होता.

2008मध्ये चित्र पालटलं. कारण न सापडता व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची जीवघेणी थरथर) झालेल्या 206 जणांपैकी 31 टक्क्यांत हा नमुना सापडला. तुलनेच्या 412 निरोगी लोकांत 5 टक्के. पण मोजलं काय होतं? जुन्या डॉक्टरांच्या मनात या नावानं छातीवरच्या लीडमधली (लीड म्हणजे एकेका कोनातून काढलेला आलेख) उचललेली एसटी होती. इथं मोजली खालच्या आणि बाजूच्या लीडमधली खाच, किंवा क्यूआरएस खाली येताना घसरत गेलेली रेघ. एसटी उचललेली असो वा नसो. गोष्ट वेगळी, नाव तेच. क्यूआरएस आणि एसटीच्या सांध्यावरच्या या खुणेला सरळ ‘जे-वेव्ह’ म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ झालाच नसता. 2015च्या तज्ज्ञांच्या सहमतीपत्रानं मोजमाप नेमकं केलं: लागून असलेल्या किमान दोन लीडमध्ये जे-शिखर (त्या खुणेचं टोक) 1 मिलिमीटर किंवा जास्त, क्यूआरएस 120 मिलिसेकंदांच्या आत, एसटीची अट नाही. नाव मात्र जुनंच ठेवलं. म्हणजे ज्यांची फक्त एसटी वर आहे, ते मूळचे ‘अर्ली रिपोलरायझेशन’वाले, या व्याख्येतून बाहेर पडले!

धोक्याचा आकडाही तपासून घ्यावा. एका अंदाजानुसार, तरुणात जे-वेव्ह दिसली तर अशा फिब्रिलेशनची शक्यता लाखात 3 वरून 11वर जाते. तिपटीहून अधिक खरी, पण लाखात. खाचेनंतर एसटी वर चढत गेली, जशी खेळाडूंत बहुधा असते, तर फारशी काळजी नाही. ती आडवी सपाट राहिली तर मात्र दोन प्रश्न विचारायचे: कधी अचानक शुद्ध हरपली होती का, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का. दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर 2017च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपचार नकोत, नुसतं लक्ष ठेवायचं.

छातीत दुखत असलेल्या माणसाला मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथं उचललेली एसटी हार्ट अटॅकचीही असू शकते, म्हणून मशीनचा शिक्का बाजूला ठेवायचा, फाइलमधला जुना इसीजी शेजारी धरायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी नवा काढायचा.