भाषा-प्रावीण्य चाचणी आणि इंग्रजी विषयाची परीक्षा: अमेरिकी शाळेतले दोन वेगळे निकाल

अमेरिकेतील सरकारी शाळेत प्रवेश घेताना घरी मराठी बोलली जाते असे पालकांनी प्रश्नावलीत लिहिले, की मुलाची इंग्रजीची प्राथमिक चाचणी होते आणि तीत ते कमी पडल्यास त्याची नोंद ‘इंग्लिश लर्नर’ म्हणून होते. पुढे तिसरी ते आठवीच्या इयत्तांत अशा मुलाचे दरवर्षी दोन निकाल येतात: एक इंग्रजीच्या प्रावीण्याचा, दुसरा सर्वच मुलांना द्याव्या लागणाऱ्या राज्याच्या इंग्रजी विषयाच्या परीक्षेचा. वाचनाचे मोजमाप दोन्हींत असल्यामुळे एकाचा अर्थ दुसऱ्याला सहज चिकटवला जातो.

प्रावीण्य चाचणी शाळेत शिकण्यासाठी लागणारी इंग्रजी मुलाला कितपत अवगत आहे एवढेच पाहते. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानुसार ती प्रत्येक इंग्लिश लर्नरला दरवर्षी द्यावी लागते; पालकांनी भाषेची विशेष मदत नाकारली, तरी चाचणी टळत नाही. अनेक राज्ये ‘विडा’ या संस्थेची ‘ॲक्सेस’ चाचणी वापरतात. तीत श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन यांची पातळी १ ते ६ अशी स्वतंत्रपणे दिली जाते आणि एकूण पातळी काढताना वाचन व लेखनाला प्रत्येकी ३५ टक्के, तर श्रवण व संभाषणाला प्रत्येकी १५ टक्के भार दिला जात आला आहे.

इंग्रजी विषयाची परीक्षा मात्र भाषा येते असे गृहीत धरून इयत्तेला साजेसा उतारा समजतो का, त्यावरून अनुमान काढता येते का, हे तपासते. म्हणूनच देशात येऊन १२ महिने न झालेल्या मुलाला या परीक्षेतून एकदा सूट देण्याची मुभा राज्यांना आहे.

शाळेला खरा उपयोग होतो तो हे निकाल शेजारी ठेवून वाचल्यावर. प्रावीण्याची पातळी २ असलेले मूल इंग्रजी विषयात मागे पडले, तर त्यावरून त्याच्या वाचनक्षमतेविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. मुलाला अध्ययन-अक्षमता आहे असे ठरवताना अपुरी इंग्रजी हे निर्णायक कारण असता कामा नये, असे विशेष शिक्षणाचा केंद्रीय कायदाही सांगतो. याउलट पातळी ५ च्या आसपास पोहोचूनही विषयाचे गुण खालीच राहिले, तर आणखी भाषावर्ग देण्याऐवजी वाचन कसे शिकवले जात आहे, याकडे पाहायला हवे. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहतात ती चार कौशल्यांमधली अंतरे. वर्गात भराभरा बोलणाऱ्या मुलाचे लेखन दोन पातळ्या मागे असू शकते आणि पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकून आलेल्या मुलाचे वाचन-लेखन चांगले असूनही संभाषण कच्चे असू शकते. या दोघांची एकूण पातळी जवळपास सारखी आली, तरी त्यांना एकाच गटात बसवून एकच धडा देणे हा दोघांवरही अन्याय आहे.

नोंद काढून टाकण्याच्या निर्णयातही एकच आकडा पुरत नाही. कॅलिफोर्नियात ‘एलपॅक’ या प्रावीण्य चाचणीच्या जोडीला शिक्षकांचे मूल्यमापन, पालकांशी सल्लामसलत आणि मूलभूत कौशल्यांची इंग्रजीत प्रवीण असलेल्या समवयस्कांशी तुलना हे निकष लावले जातात. नोंद निघाल्यावर प्रावीण्य चाचणी थांबते, परंतु शाळेने त्या मुलाच्या प्रगतीवर किमान दोन वर्षे लक्ष ठेवणे बंधनकारक असते, आणि त्या काळात विषयाचे गुण घसरले तर भाषेची मदत पुन्हा हवी आहे का, हे तपासण्याचा आग्रह पालकांनी जरूर धरावा.