कोळसा वाहतुकीतील घट व अमेरिकन मालवाहू रेल्वे

कोळशाची मागणी ओसरल्यावर अमेरिकेतील मालवाहू रेल्वे कंपन्यांनी मार्ग, गाड्या, मनुष्यबळ व ग्राहक यांत केलेले बदल. अमेरिकेचे कोळसा-उत्पादन २००८ मध्ये सुमारे १०६ कोटी मेट्रिक टन होते. २०२३ मध्ये ते ५२ कोटींच्या आसपास उतरले. रेल्वेने भरलेल्या कोळशाच्या वाघिणी २००८ मध्ये सुमारे ७७ लाख होत्या, त्या २०२० मध्ये ३० लाखांच्या जवळपास आल्या.

घसरण नेमकी कधी सुरू झाली, याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक २००८ ची आर्थिक मंदी हा आरंभ धरतात, तर काही एप्रिल २०१२ हा महिना. त्या महिन्यात नैसर्गिक वायूपासूनची वीज प्रथमच कोळशाच्या विजेच्या बरोबरीला आली. पूर्व अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागापुरते पाहिल्यास मात्र आरंभ बराच मागे न्यावा लागतो. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीनंतर वीजकेंद्रे वायोमिंगमधील पावडर नदीच्या खोऱ्यातील कमी गंधकाच्या कोळशाकडे वळली. तेव्हा पूर्वेच्या खाणींचे नुकसान हा पश्चिमेच्या रेल्वेचा लाभ होता. कारणांविषयीही मतभेद आहेत. पर्यावरणीय नियमांवर दोष ठेवणारा पक्ष आहे. तथापि शेल खडकांतून मिळालेला स्वस्त वायू हे मुख्य कारण, हे बहुसंख्य अर्थशास्त्रीय विश्लेषणांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

या वाहतुकीचे तंत्र समजल्याशिवाय पुढील अडचण उमगत नाही. खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत एकच माल घेऊन, वाटेत न तोडता-जोडता धावणारी अखंड गाडी (भारतीय रेल्वेच्या भाषेत पूर्ण रेक) ही पद्धत सामान्यतः १९६० च्या सुमारास रूढ झाली असे मानतात. तिचे श्रेय काही लेखक रेल्वे कंपन्यांच्या कल्पकतेला देतात. परंतु ओहायो राज्यात १९५७ पासून कोळशाचा भुगा पाण्यात कालवून सुमारे १७५ किमी. नळाने क्लीव्हलंडनजीकच्या वीजकेंद्राला पोहोचवला जात होता. रेल्वेने दर उतरवल्यावर ही नळवाहिनी १९६३ मध्ये बंद पडली. हा क्रम पाहता अखंड गाडी स्पर्धेच्या धाकातून रुजली, असे म्हणणे सयुक्तिक ठरते. गाडी वळणाच्या लोहमार्गावरून संथ चालत असतानाच वरच्या कोठारातून भरली जाते. फिरत्या जोडामुळे वाघीण न सोडवता टिपलर या यंत्रात उलटी करता येते. परतीला सगळी गाडी रिकामी. अशा वाघिणीत, अशा फाट्यावर, दुसरा माल सहजी चढत नाही. त्यामुळे कोळशाची जागा दुसऱ्या मालाने ‘भरून काढली’ असे जे लिहिले जाते, ते कंपनीच्या ताळेबंदापुरतेच खरे आहे.

ताळेबंद सावरला तो प्रामुख्याने कंटेनरांनी. नॉरफोक सदर्न कंपनीने आपल्या जुन्या कोळसामार्गावर, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया व केंटकी या राज्यांतील २८ बोगदे दुमजली कंटेनरगाड्यांसाठी उंच करून घेतले. हे काम २०१० मध्ये पुरे झाले. जुन्या बोगद्यांचे छत कमानदार असल्याने वरच्या कंटेनरचे कोपरे अडत. म्हणून कित्येक ठिकाणी सबंध छत न पाडता कमानीच्या दोन्ही बाजूंना खाचा कोरल्या गेल्या. यामुळे नॉरफोक बंदर ते शिकागो हा पल्ला सुमारे एका दिवसाने घटला. मात्र हे कंटेनर या मार्गावरील कोळशाच्या खोऱ्यांतून नुसते जातात. तेथे ना भरले जातात, ना उतरतात.

दुसरा आधार निर्यातीचा. पोलादासाठी लागणारा कोळसा नॉरफोक व बॉल्टिमोर बंदरांतून अजूनही मोठ्या प्रमाणावर जातो. अलीकडे अमेरिकन कोळशाच्या ग्राहकांत भारत अग्रभागी आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरून आशियाकडे कोळसा पाठवण्याचा पश्चिमेचा बेत मात्र फसला. वॉशिंग्टन राज्यातील चेरी पॉइंट येथील नियोजित बंदर-धक्का लमी या आदिवासी समाजाच्या करारसिद्ध मासेमारी-हक्कांमुळे २०१६ मध्ये नाकारला गेला. नॉर्थ डकोटा भागातील बॅकन क्षेत्राच्या खनिज तेलाने रेल्वेला काही वर्षे हात दिला, पण तो भर २०१४ नंतर ओसरला.

तिसरा उपाय काटकसरीचा : लांब गाड्या, कमी इंजिने, कमी यार्डे. रेल्वे-व्यवस्थापक हंटर हॅरिसन यांनी कॅनडात रुळवलेली ‘काटेकोर वेळापत्रक’ पद्धत २०१७ मध्ये सीएसएक्स कंपनीत आली. पुढे युनियन पॅसिफिक व नॉरफोक सदर्न यांनीही ती स्वीकारली, बीएनएसएफने नाही. २०२२ पर्यंतच्या सहा वर्षांत मोठ्या रेल्वे कंपन्यांचे मनुष्यबळ सुमारे २९ टक्क्यांनी घटले. त्यातील कोळशामुळे किती व या पद्धतीमुळे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

डोंगरातील फाट्यांच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. केंटकीतील एल्कहॉर्न सिटी ते दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग हा सुमारे ४४६ किमी.चा क्लिंचफील्ड मार्ग मुख्यतः कोळशावर पोसलेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये सीएसएक्सने त्यावरील थेट गाड्या थांबवल्या व टेनेसीतील अर्विनचे यार्ड बंद केले. सुमारे ३०० जणांचे काम गेले. शतकभर रेल्वेच्या वेळेवर उठणारे-निजणारे हे छोटे गाव. सप्टेंबर २०२४ च्या हेलेन वादळात नोलिचकी नदीच्या घळीतील याच मार्गाचे रूळ वाहून गेले. त्यांच्या पुनर्बांधणीचे काम कंपनीने हाती घेतले.